भाषा अज्ञात

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या वकिलांच्या यादीत माझं नाव बरीच वर्षं होतं. त्यामागे काही उदात्त नव्हतं. ज्यांच्या हाताखाली मी झाशीच्या दिवाणी कोर्टात काम शिकले ते ज्येष्ठ वकील म्हणाले होते, "लिखवा दो नाम. बुलाता कोई नहीं, और बोर्ड पर अच्छा लगता है." तसंच झालं. मला कोणी बोलावलं नाही, आणि पाटीवर ती ओळ चांगली दिसत राहिली. मी भाडेकरूंचे, वारसांचे आणि बिजौलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडवाल्यांच्या सामाईक भिंतींचे दावे चालवत राहिले. तुरुंग मी पाहिला होता तो बसच्या खिडकीतून.

मग एका सकाळी विधी सहायता कचेरीतून फोन आला.

"मैडम जी, आप मराठी हैं ना?"

या प्रश्नाला झाशीत मी नेहमी देते तेच उत्तर दिलं, "हाँ, घर में." बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून साताऱ्याहून इथे आले तेव्हा मी चार वर्षांची होते. शाळा हिंदी, कॉलेज हिंदी, कोर्ट हिंदी. मराठी उरली ती बाबांशी जेवताना बोलण्यापुरतं. गणपतीच्या दिवसांत बबीन्याहून फौजी कुटुंबं आरतीला येत, त्या बायका माझी दोन वाक्यं ऐकून अगदी सभ्यपणे विचारत, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" बाबांच्या मते मी मराठी बोलतच नाही, हिंदीचं भाषांतर करते.

फोनवरच्या माणसाला एवढ्या खोलात जायचं नव्हतं. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका तुरुंगात (त्याचं नाव मी सांगणार नाही) एक मराठी ट्रक ड्रायव्हर कच्चा कैदी म्हणून होता. त्यानं जज्जसाहेबांना तक्रारअर्ज पाठवला होता, पण मराठीत. "पढ़ तो सबने लिया," फोनवरचा माणूस म्हणाला, "समझा किसी ने नहीं."

मी गेले. चांगलं काम करायला निघालेली माणसं जशी जातात तशीच, म्हणजे चार वाजेपर्यंत घरी परत येऊ अशा बेतानं. बस बरुआसागरला आलं-हळदीची पोती चढवत बराच वेळ उभी राहिली, आणि मी मनातल्या मनात मराठी वाक्यं जुळवत बसले.

तो माणूस चाळिशीचा, सिन्नरकडचा. कांद्याचा ट्रक घेऊन निघाला होता. वाटेत नाक्यावर तपासणी झाली आणि कांद्याच्या गोण्यांखाली गांजाच्या गोण्या निघाल्या. त्याचं म्हणणं, आपल्याला माहीत नव्हतं. खरंखोटं मला ठाऊक नव्हतं, आणि तो माझा विषयही नव्हता. त्या खटल्यासाठी त्याला दुसरा वकील होता, जो दर तारखेला त्याला त्याचं नाव विचारून घेत असे.

मी जुळवलेलं वाक्य म्हटलं, "नमस्कार. मी आपली काही मदत करू सकते का?"

तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी मायबोली कानावर पडली असेल, असं वाटून मलाही भरून आलं. पुढे ओळख झाल्यावर त्यानं सांगितलं, की मराठी म्हणून पाठवली ती बाईसुद्धा हिंदीच निघाली, या विचारानं त्याला रडू आलं होतं.

तक्रार साधी होती. आठ महिने घरून एक पत्र नाही.

"घरी लिहितात का पण?" मी विचारलं.

"ती लिहिणारच, ताई. दर पंधरा दिवसाला. दहावी झालीय ती."

"एखादे वेळी नसेल जमलं—"

"असं नाही होणार," तो म्हणाला. त्यात वाद नव्हता, माहिती होती. मग म्हणाला, "इथला टपालाचा बाबू मधी एकदा म्हणाला, घरी कोण बाई आलीय म्हणून. बहीण आली असंल. आईचं बघायला."

पत्रं तुरुंगातच होती. टपालाचं काम बघणाऱ्या बाबूनं मला आपल्या खोलीत बसवलं, चहा मागवला, लोखंडी कपाट उघडलं आणि लाल फितीत बांधलेला गठ्ठा टेबलावर ठेवला. सतरा पत्रं. प्रत्येक फोडलेलं, प्रत्येकावर आल्याच्या तारखेचा शिक्का आणि खाली सुवाच्य अक्षरात शेरा: भाषा अज्ञात.

"एक भी गुम नहीं हुई, मैडम जी," तो म्हणाला. कोणीतरी कौतुक करावं म्हणून तो आठ महिने थांबला असावा.

"तो उसको देते क्यों नहीं?"

"बिना पढ़े कैसे दें? नियम है."

"अक्षर तो हिंदी के ही हैं."

"वही तो!" तो खूश झाला. त्यानं वरचं पत्र उचललं आणि खणखणीत आवाजात चार ओळी वाचून दाखवल्या. उच्चार माझ्यापेक्षा बरे होते. फक्त 'ळ' आला की तो थांबे. "इस जलेबी को छोड़ दें तो सब पढ़ लेता हूँ. समझ में नहीं आता. और नियम में लिखा है, पढ़कर, समझकर."

मी दुष्ट माणसाला भेटायच्या तयारीनं गेले होते. समोर हा सापडला, बढतीची वाट बघणारा, नीटनेटका आणि भिडस्त. वाचायला पत्रं मागितली तर नाही म्हणाला. मी कैद्याची वकील, मला त्याची डाक कशी देणार? पण त्यालाही वाईट वाटत होतं. "जितना समझ आता है उतना बता देता हूँ बेचारे को," तो म्हणाला. "अपनी तरफ़ से."

मी टेलिफोनचं विचारलं. कैद्यांना आठवड्यातून एकदा घरी फोन करता येतो. पण त्याआधी तो नंबर खरंच घरचाच आहे ना, याची खात्री तिकडच्या पोलीस ठाण्यानं करून द्यावी लागते. चौकशी पाठवली होती. उत्तर आलं नव्हतं. म्हणजे आलं होतं, हे तो गठ्ठा परत बांधत असताना मलाच दिसलं. ठाण्यानं तत्परतेनं, महाराष्ट्र सरकारच्या कागदावर, शुद्ध मराठीत कळवलं होतं की सदर क्रमांक आरोपीच्या पत्नीचाच आहे. त्यावरही शेरा होता: भाषा अज्ञात.

मी आधी तुरुंगाच्या अधीक्षकांना अर्ज केला. त्यांचं उत्तर आलं, की कारवाई नियमानुसार चालू आहे. ते खोटं नव्हतं. मग त्या माणसाचा खटला ज्या कोर्टात चालू होता, तिथेच मी त्याच्या वतीनं अर्ज दाखल केला. आरोपी असला तरी माणूस आहे, घरच्यांशी पत्रव्यवहार हा त्याचा हक्क आहे, आणि कारागृहाला एखादी भाषा येत नाही याची शिक्षा ती भाषा बोलणाऱ्याला देता येणार नाही. हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "मराठीत लिहिलं असतंस तर अजून चांगलं झालं असतं."

सुनावणीला दोन महिने गेले. त्या दिवशी कोर्टात गर्दी होती, सगळी दुसऱ्याच कामांची. त्याला पोलीस घेऊन आले आणि कठड्यामागे उभं केलं. टपालाचा बाबू गठ्ठा छातीशी धरून आला होता.

"हुज़ूर, भाषा अज्ञात है," सरकारी वकील म्हणाले.

"मराठी है," जज्ज म्हणाले. "अज्ञात कैसे?"

"जेल के लिए अज्ञात है, हुज़ूर. और मामला सुरक्षा का है. एक पत्र में दो बच्चियों के खून का ज़िक्र है."

कोर्टातली कुजबूज थांबली. बाबूनं त्या जागी तांबड्या शाईची रेघ मारून ठेवली होती. कठड्यामागचा माणूस माझ्याकडे बघू लागला. मुली त्याच्याच होत्या. जज्जसाहेबांनी पत्र माझ्या हाती द्यायला सांगितलं.

मी मोठ्यानं वाचलं, "दोघींची खूण दाराला केली आहे. थोरली तेवढीच आहे. धाकटी चार बोटं वाढली. तुम्ही आल्यावर दाखवीन."

मग हिंदीत समजावलं. खून नाही, खूण, निशान. मुलींना दाराच्या चौकटीला उभं करून डोक्याच्या वर पेन्सिलीनं रेघ मारतात. बाप घरी नाही, तर त्या किती वाढल्या हे त्याला आल्यावर कळावं म्हणून.

जज्ज हसले. सरकारी वकीलही हसले. बाबू लाजला. कठड्यामागचा माणूस हसला नाही, पण त्यानं हाताची चार बोटं जुळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"आगे पढ़िए," जज्ज म्हणाले. "एक-दो और देख लेते हैं, इनमें भी क्या-क्या है."

माझ्या इतक्या वर्षांच्या वकिलीत कोर्ट माझ्या तोंडाकडे बघत बसलंय असं कधी झालं नव्हतं. भिंतींच्या दाव्यात कोणी हसत नाही. मी पुढचं पत्र घेतलं आणि ऐटीत, थोडा आवाज लावून वाचायला लागले. वरच्या ओळी पावसाच्या, शेजारणीच्या, धाकटीच्या दाताच्या होत्या. मी प्रत्येक ओळ आधी मराठीत आणि मग हिंदीत वाचत होते.

"मंगळवारी आई गेल्या. जास्त त्रास झाला नाही. तुमचा फोन येत नाही म्हणून लिहिते."

हे मी तसंच, त्याच आवाजात वाचलं. माझ्या तोंडाला मराठी वाचता येत होतं, कानाला ते उशिरा पोचलं. कोर्ट हसऱ्या चेहऱ्यानं हिंदीची वाट बघत होतं. मराठी समजणारे तिथे आम्ही दोघंच होतो, आणि त्याला माझ्या आधी समजलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "परत वाचा."

मी वाचलं नाही.

"क्या लिखा है?" जज्जनी विचारलं.

"इनकी माँ नहीं रहीं," मी म्हणाले. "सहा महिने... छह महीने पहले की चिट्ठी है."

मग बाबूचा आवाज आला, हळू, कोणालाच उद्देशून नसलेला. "आई मतलब माँ? हम तो समझे कोई आई थी. हमने बता भी दिया था, घर में कोई आई है, सब ठीक है."

जज्जसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तिथेच तोंडी आदेश लिहून घेतला. सगळी पत्रं आजच, इथेच कैद्याला द्यावीत. फोनची परवानगी ताबडतोब द्यावी. आणि यापुढे येणारं-जाणारं प्रत्येक मराठी पत्र भाषा जाणणाऱ्या व्यक्तीकडून वाचून घेऊन दोन दिवसांत पुढे द्यावं. विदुषी अधिवक्ता स्वतः मराठीभाषी असून त्यांनी हे काम स्वेच्छेने स्वीकारलं आहे, सबब त्यांची नियुक्ती करण्यात येते.

मी काही स्वीकारलं नव्हतं. पण त्या क्षणी हात वर करून आक्षेप घेण्याची माझी हिंमत नव्हती. मी वाकून "जी हुज़ूर" म्हटलं. त्याची पत्रं तिसऱ्या माणसानं वाचू नयेत असं म्हणायला मी गेले होते आणि तो तिसरा माणूस होऊन बाहेर आले. सरकारी वकिलांनी माझं अभिनंदन केलं.

बाहेर व्हरांड्यात पोलिसानं त्याला दोन मिनिटं बोलू दिलं. गठ्ठा त्याच्या हातात होता. मला वाटलं तो रडेल, किंवा माझ्यावर चिडेल. त्यानं विचारलं, "तो मंगळवार म्हणजे कोणती तारीख, ताई?"

मी पत्रावरची तारीख बघून सांगितली. त्यानं मनाशी हिशोब लावला.

"त्या दिवशी सणाची खीर होती आत," तो म्हणाला. "मी दोनदा घेतली."

परत गेल्यावर त्यानं तुरुंगातल्या न्हाव्याकडून डोकं करून घेतलं. त्यासाठी अर्ज लागला नाही.

पुढची सव्वा वर्षं मी त्या तुरुंगाची मराठी सेन्सॉर होते. बाबू पत्राचे फोटो माझ्या मोबाइलवर पाठवी, मी खाली हिंदीत सारांश लिहून "आपत्तिजनक कुछ नहीं" असा शेरा मारी, आणि पत्र पुढे जाई. बाबूशी माझं चांगलं जमलं. एकदा त्यानं मला तमिळ पत्राचा फोटो पाठवला. मी म्हटलं, भैया, ही मराठी नाही. तो म्हणाला, "जलेबियाँ ज़्यादा थीं, तो सोचा आपके यहाँ का होगा."

मला अडायचं ते ग्रामीण शब्दांवर. म्हणून मी फोटोची प्रत छापून बाबांना दाखवू लागले. ऐंशी ओलांडलेले बाबा, भिंग घेऊन खिडकीशी बसत. सुरुवातीला ते फक्त शुद्धलेखन तपासत. "ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, पण लिहिते छान हं." मग हळूहळू ते वाट बघू लागले. धाकटीला शाळेत दुसऱ्या बाकावर बसवलं हे त्यांना पटलं नाही. गाय आटली तेव्हा दोन दिवस त्यांनी चहात दूध घेताना तो विषय काढला. आमच्या घरात मराठी बोलणं वाढलं, ते सगळं त्या घराविषयी. आम्ही त्या माणसाचा हक्क राखत होतो, आणि आमचा वेळ मोठा मजेत जात होता.

शेऱ्यांमध्ये मी थोडी ढवळाढवळही करत असे. एकदा त्यानं बायकोला लिहिलं, "इथला बाबू बैल आहे, पण मारका नाही." मी सारांशात लिहिलं: डाक बाबू को सीधा आदमी बताया है. बाबू इतका सुखावला की त्यानं त्याला बरॅकमध्ये पंख्याखालची जागा मिळवून दिली. मी हे दोघातिघांना रंगवून सांगितलं. लोक हसले.

मग ते पत्र आलं. शुक्रवार होता. बायकोचं, स्पीड पोस्टनं पाठवलेलं. तिचा भाऊ नाशिकहून आला होता. तो म्हणत होता, मुलींना घेऊन माझ्याकडे चल, असल्या माणसाची किती वाट बघणार, वेगळं व्हायचे कागद करून टाकू. "मी काय करू ते तुम्हीच सांगा. फोनवर मी हे बोलणार नाही, मुली ऐकतात, आणि तुमच्या मागे रांग असते. पण लवकर सांगा. तुम्ही थांब म्हणालात तर थांबेन."

मंगळवारी त्याच्या जामिनाची सुनावणी होती.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं, भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "आत्ता देऊ नकोस हे. चार दिवसांनी कोर्टात उभं राहायचंय त्याला. खचून जाईल."

मला ते लगेच पटलं. इतकं लगेच, की आदेशात दोन दिवस म्हटलंय हे मला आठवलंसुद्धा नाही. आठवलं ते बुधवारी, शेरा मारताना. जामीन त्या मंगळवारी झालाच नाही. सरकारी वकील आजारी होते, पुढची तारीख पडली.

जामीन झाला तीन महिन्यांनी. तो त्या दुसऱ्या वकिलानं मिळवला. एव्हाना त्याला अशिलाचं नाव पाठ झालं होतं. सुटल्यावर तो झाशीला आला. गाडी संध्याकाळची होती, म्हणून मी त्याला घरीच जेवायला बोलावलं. बाबांनी सकाळपासून इस्त्रीचा सदरा घातला होता. मी भरली वांगी केली होती. तो दारात चपला काढून, हातात पिशवी घेऊन बराच वेळ उभाच राहिला.

"या, या," बाबा म्हणाले. "धाकटीची दाढ आली का हो?"

त्याचा चेहरा मिटला. आम्हाला दोघांनाही क्षणभर कळेना काय झालं. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "ते मी बायकोला विचारलं होतं, काका."

मी घाईघाईनं ताटं घेतली. तो खाली मान घालून जेवला. वांगी चांगली झाली म्हणाला. मग हात धुऊन आल्यावर त्यानं पिशवीतून एक कागद काढला. सुटताना टपालाच्या बाबूनं त्याला रजिस्टरमधल्या नोंदींची नक्कल करून दिली होती, कुठलं पत्र कधी आलं, वकीलसाहिबांकडे कधी गेलं, परत कधी आलं. बाबूनं ते प्रेमानं केलं असणार. आठ महिन्यांचा डाग पुसून आता आमचं काम किती चोख चालतं, हे त्याला दाखवायचं असणार.

त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. "हे शुक्रवारी तुमच्याकडं आलं, ताई. बुधवारी गेलं."

"तुमची जामिनाची तारीख होती मंगळवारी," मी म्हणाले. "आम्हाला वाटलं—"

"मला समजलं ते." तो चिडला नव्हता. चिडला असता तर मला काही बोलता आलं असतं. "रविवारी मी घरी फोन केला. दर रविवारी करायचो. मला काय माहीत? मी आपला, जामीन होतोय, येतोय आता, म्हणून हसत बोललो. पत्र पोचल्याचं तिला मोबाइलवर दिसत होतं. तिला वाटलं, वाचलं आणि काही बोलायचं नाही मला. सोमवारी ती भावासंगं नाशिकला गेली."

बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"मी माफी मागते," मी म्हणाले.

तो कागदाची घडी करत होता. "बाबूला कळत नव्हतं म्हणून त्यानं ठेवली," तो म्हणाला. "तुम्हाला कळलं म्हणून ठेवलीत. मला दोन्हीकडून उशीरच झाला." मग, मला बरं वाटावं म्हणूनच बहुधा, म्हणाला, "पण तुम्ही आला नसता तर आई गेलेली पण कळलं नसतं." आणि निघाला. बाबांच्या पाया पडला. मी स्टेशनवर सोडते म्हटलं, तर रिक्षानं जाईन म्हणाला.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या छापील प्रती माझ्या टेबलावर आणून ठेवल्या आणि म्हणाले, "या फाडून टाक. वाचू नकोस परत." मी फाडल्या.

मग मी कोर्टाला अर्ज केला, की मला या कामातून मुक्त करावं, आणि अनोळखी भाषेतलं पत्र आत काही वस्तू नाही एवढं बघून, न वाचता कैद्याला द्यावं. अर्जात कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, वैयक्तिक. पहिल्या तारखेला जज्जसाहेब म्हणाले, आपल्याविरुद्ध तर काही तक्रार नाही, उलट कारागृहानं प्रशंसापत्र पाठवलंय. ते फाइलला लागलेलं होतं. खाली टपाल बाबूची सही होती. पुढची तारीख मिळाली.

योगायोगानं त्या पुढच्या तारखेच्याच दिवशी त्या माणसाचाही खटला होता. कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीपाशी तो मला दिसला. शेजारी एक बाई होती, पदर डोक्यावरून घेतलेली, आणि दोन मुली. धाकटी थोरलीच्या खांद्याला लागत होती. ते सगळं मला कोणी न सांगता ओळखू येत होतं, म्हणूनच मी झेरॉक्सच्या दुकानाआड सरकले. कैद्यांच्या हक्कांसाठी लढणारी वकील म्हणून एव्हाना माझा बार रूममध्ये थोडा बोलबाला झाला होता.

पण त्यानं मला पाहिलं होतं. तो तिला घेऊन आला.

"या वकीलताई," तो म्हणाला आणि मुलींना पाणी पाजायला नळाकडे गेला.

ती माझ्यापेक्षा बरीच ठेंगणी होती. मी तिला का कोण जाणे उंच समजत होते. तिनं नमस्कार केला.

"पत्रं तुम्ही वाचायच्या ना?"

"हो," मी म्हणाले.

"मला पहिल्यापासून वाटायचं कोणीतरी वाचतंय," ती म्हणाली. "जेल म्हटल्यावर वाचणारच. म्हणून मी बेतानं लिहायची. गाय, पाऊस, पोरींची शाळा. जिवाचं काही नाही लिहायची. रडणंबिडणं तर नाहीच."

मी मान हलवली. बाबा ज्या पत्रांसाठी खिडकीशी बसत ती ही पत्रं.

"एकदाच लिहिलं मनातलं," ती म्हणाली. तिला माहीत होतं, मला कुठलं ते विचारायची गरज नाही.

मी म्हणाले, "चूक झाली माझी."

"झालीच," ती म्हणाली. मग नळाकडच्या मुलींकडे बघत, "भावाकडे तीन महिने राहिले. मुलींची शाळा बुडली. हे सुटून आले ते सरळ तिथंच आले, दारात बसून राहिले दिवसभर. भाऊ आत घेईना. मग मीच बाहेर आले."

आतून पुकारा झाला. तिचा नवरा मुलींचे ओले हात धरून परत आला, आणि ती चौघं घाईनं जिन्याकडे गेली. माझी तारीख दुपारनंतर होती.